गोल्फची मूठ सैल कशी ठेवायची, आणि ती सैल राहावी म्हणून डोकं कसं सांभाळायचं

गेल्या थंडीत एका फ्रेंडली मॅचमध्ये माझे पहिले सहा होल मस्त गेले, पारपेक्षा (ठरलेल्या स्ट्रोकपेक्षा) फक्त 3 जास्त, माझ्या हँडिकॅपला, म्हणजे माझ्या नेहमीच्या पातळीला, हे म्हणजे सोनंच, आणि सातव्याला टी-शॉट (होलचा पहिला फटका) उजवीकडे कडुनिंबांच्या झाडीत गेला. बॉल सापडला, दोन खोडांच्या मधून हिरवं दिसत होतं, मी 5 आयर्न (धातूच्या पात्याचा मधल्या अंतराचा क्लब) काढली आणि जोरात मारली, बॉल खोडाला आपटून मागे आला, परत तेच केलं, परत खोड. त्या होलवर 9 लागले. कॅडी (क्लबची बॅग सांभाळणारे) वयानं माझ्या बाबांएवढे, ते रागावले नाहीत, उपदेश पण नाही केला, फक्त म्हणाले, "बेन, उतावळ ना करो" (ताई, घाई करू नका), आणि माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. ग्लोव्ह काढला तर बोटांच्या मुळाशी ग्रिपचे लाल वळ उठलेले.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललेय. राग असो, भीती असो, ती येते डोक्यात पण बॉलपर्यंत पोचते ती बोटांमधूनच, मूठ आवळली की मनगट अडकतं, मनगट अडकलं की क्लबचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) वेळेवर सरळ होत नाही, बॉल उजवीकडे जातो, मग अजून राग आणि मूठ अजून घट्ट. म्हणून टेक्निक वेगळं आणि मन वेगळं असं शिकण्यात अर्थ नाही, दोन्ही एकाच जागी धरायचं. खाली जे लिहितेय ते याच क्रमानं करा, आणि सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी उलटं समजून घ्या.

पहिली पायरी: पकड

क्लब डाव्या हाताच्या तळव्यात नाही, बोटांत बसवायचा, म्हणजे तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरका करंगळीच्या मुळापर्यंत, आणि वरून तळव्याची गादी त्यावर टेकवायची. आता खाली बघा, डाव्या हाताची दोन ते अडीच पेरं (मुठीवरचे सांध्यांचे उंचवटे) दिसली पाहिजेत, एकच दिसत असेल तर पकड कमकुवत (म्हणजे हात डावीकडे वळलेला, सैल नव्हे), आणि स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा बॉल) मारणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथेच असतं. अंगठा आणि तर्जनीमध्ये जो व्ही होतो तो उजव्या खांद्याकडे बघायला हवा, दोन्ही हातांचा. उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या दोन बोटांमधल्या खाचेवर ठेवली की ती ओव्हरलॅप पकड, जुने इंग्लिश खेळाडू हॅरी व्हार्डन यांच्या नावानं ओळखतात, आणि करंगळी तर्जनीत अडकवली की इंटरलॉक, जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स दोघांची हीच. माझे हात लहान आहेत म्हणून मी इंटरलॉक वापरते, ज्यात दोन्ही हात एक झाल्यासारखे वाटतात ती तुमची.

किती घट्ट धरायचं हा खरा प्रश्न. 10 म्हणजे पूर्ण ताकदीनं आवळलेलं असं धरलं तर 4. पण आकड्यानं हाताला कळत नाही, म्हणून मी भाच्याला सांगितलं की नवरात्रात बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीतून चार वर्षांच्या मुलाचा हात धरून चालताना कसा धरतोस, सुटता कामा नये आणि त्याला दुखता पण कामा नये, तसा धर. त्याला लगेच जमलं. आणि हा 4 सुरुवातीला 4 असून उपयोग नाही, बॉल लागेपर्यंत 4 राहिला पाहिजे, बहुतेकांचा बॅकस्विंगच्या (क्लब मागे नेण्याच्या) टोकाला 4 चा 9 होतो. तपासायला सोपं आहे, अर्ध्या स्पीडनं स्विंग करा आणि लक्ष बॉलवर न ठेवता फक्त डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांवर ठेवा. पंधरा-वीस स्विंग बॉलशिवाय केले की कुठे आवळताय ते कळतं.

दुसरी पायरी: उभं राहणं

हे पटकन सांगते कारण यात गूढ काही नाही. पाय खांद्याएवढे लांब, वेजला (जवळच्या उंच शॉटचा क्लब) थोडे जवळ, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) थोडे जास्त. कमरेतून वाका, पाठीतून नाही, गुडघे जरासे ढिले, हात खांद्यातून सरळ खाली लोंबू द्या आणि तिथेच क्लब धरा, हात पुढे ताणून क्लब पकडायला जावं लागत असेल तर तुम्ही लांब उभे आहात. बॉल ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, मधल्या आयर्नना मध्यापेक्षा जरा पुढे, वेजला मध्यावर. ड्रायव्हरचा टी (बॉल ठेवायची खुंटी) एवढा उंच की क्लब टेकवल्यावर अर्धा बॉल क्लबच्या वर दिसेल. आधी क्लबचा फेस टार्गेटकडे लावायचा, मग पाय. आधी पाय लावून मग फेस फिरवणारे बरेच जण उजवीकडे निशाणा धरून उभे असतात आणि मग बॉल डावीकडे ओढतात, मी स्वतः दोन वर्ष हेच करत होते आणि मला वाटायचं माझा स्विंग बिघडलाय.

तिसरी पायरी: लय, आणि ही तबल्यावरून

ही माझी सगळ्यात आवडती आहे म्हणून जरा सविस्तर. चांगल्या खेळाडूंचा स्विंग मोजला तर मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ खाली यायला लागतो, तीनास एक. कोणी हळू खेळतं कोणी झटपट, पण प्रमाण साधारण तेच राहतं. आता हे तीनास एक डोक्यात कसं बसवायचं? आमच्याकडे बाबा तबला शिकवायचे, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सकाळ संध्याकाळ तीनतालाचा ठेका कानावर पडायचा, आणि बडोद्यात संगीत हे घराघरात आहेच, गायक मौलाबक्षांनी 1886 साली इथे गायनशाळा काढली तेव्हापासूनचं. तर तीनताल घ्या: धा धिं धिं धा, धा. पहिल्या धा वर क्लब हलायला सुरुवात, धिं धिं वर वर जातोय, चौथ्या मात्रेच्या धा ला क्लब टोकाला, आणि पाचव्या मात्रेच्या धा ला बॉल. मोजून बघा, वर जायला तीन मात्रांचं अंतर, खाली यायला एक, बरोब्बर तीनास एक.

सुरुवातीला विलंबित म्हणा, म्हणजे अगदी सावकाश, बॉल न ठेवता. मग 9 आयर्ननं छोटा स्विंग, हात कमरेपासून कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. पूर्ण स्विंग शेवटी. आणि मनात बोल म्हणताना शेवटचा धा मोठ्यानं म्हणायचा मोह होतो, तो आवरा, तोच तो 9 वाला आवळलेला क्षण आहे, पाचही मात्रा सारख्या आवाजात म्हणा. यात एक छुपा फायदा आहे, डोकं बोल म्हणण्यात गुंतलं की "पाण्यात जाऊ नये" हा विचार यायला जागाच उरत नाही. तबला ज्यांना माहीत नाही त्यांनी नुसतं एक-दोन-तीन-चार-पाच म्हटलं तरी चालतं, पण मला तेवढी मजा येत नाही.

चौथी पायरी: आधी बॉल, मग जमीन

आयर्नचा शॉट वरून खाली येताना लागतो, बॉल आधी आणि त्यापुढची माती नंतर, म्हणून चांगल्या खेळाडूचा डिव्हट (क्लबनं मातीत पडलेली खाच) बॉल होता त्याच्या पुढे असतो. आपण नवीन असताना बॉल वर उडवायला जातो, वजन मागच्या पायावर राहतं, मग एकतर मागची माती खणतो किंवा बॉलच्या डोक्यावर मारतो. बॉल उडवायचं काम क्लबच्या लॉफ्टचं (फेसच्या तिरकेपणाचं) आहे, तुमचं नाही, हे स्वतःला शंभरदा सांगा. सरावाला घरातली रांगोळी घ्या, प्रॅक्टिसच्या जागेवर गवतावर एक सरळ रेघ ओढा (तिथल्या माणसाला विचारून), रेघ दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहा आणि बॉलशिवाय स्विंग करा, क्लब रेघेच्या पुढे म्हणजे टार्गेटच्या बाजूला घासला पाहिजे. दहातले सात पुढे घासले की मग रेघेवर बॉल ठेवा. स्विंग संपल्यावर वजन पूर्ण डाव्या पायावर आणि उजव्या पायाची फक्त बोटं टेकलेली, असं दोन सेकंद उभं राहता आलं तर समजा बरोबर आहे.

स्लाइसचं थोडक्यात: बॉल निघतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला आहे तिकडे, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकानं. क्लब बाहेरून आत कापत येतोय आणि फेस त्या वाटेच्या मानानं उघडा आहे, की बॉल उजवीकडे वळणार. आधी पहिली पायरी तपासा, पेरं दिसतात का. मग बॉलच्या पलीकडे वीतभर आणि किंचित मागे एक घडी घातलेला टॉवेल ठेवा, क्लब बाहेरून आला तर टॉवेलला लागतो, नाही लागला तर वाट सुधारली. याहून जास्त उपाय एकदम करू नका, यूट्यूबवर रात्री पाच व्हिडिओ बघून सकाळी पाचही गोष्टी करायला गेलेली माणसं मी बघितलीयत, त्यांना शेवटी बॉलच लागत नाही.

पाचवी पायरी: ग्रीनजवळचं काम

अर्ध्याच्या आसपास स्ट्रोक ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) आणि ग्रीनच्या भोवती जातात, आणि तरी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सगळे ड्रायव्हरच मारत बसतात, मला याचं फार वाईट वाटतं. आपली अदिती अशोक बघा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये (खेळ 2021 मध्ये झाले) मेडलपासून एक पायरी लांब, चौथी आली, तिचे ड्राइव्ह बऱ्याच जणींपेक्षा कमी लांब जात होते, तरी पटिंगच्या (ग्रीनवर बॉल घरंगळवण्याच्या) जोरावर शेवटच्या होलपर्यंत शर्यतीत होती. ताकद कमी असणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून घेण्यासारखं खूप आहे.

चिप (ग्रीनजवळून छोटा फटका) करताना होलकडे नाही, बॉल कुठे पडणार त्या जागेकडे बघा. ग्रीनवर एक रुमाल टाका, ग्रीनच्या कडेपासून दोनेक पावलं आत, आणि रुमालावर बॉल पाडायचा सराव करा, 9 आयर्ननं, मग पिचिंग वेजनं, मग सँड वेजनं, प्रत्येक क्लबनं पडल्यावर किती घरंगळतो ते लिहून ठेवा. बॉल हवेत कमी आणि जमिनीवर जास्त ठेवता येत असेल तर तेच करा, उंच शॉट फक्त मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तेव्हा.

पटिंगमध्ये लाइनपेक्षा लांबी महत्त्वाची, होलसाठी तीन पट (पटरचे फटके) लागतात ते बहुतेक वेळा पहिला पट खूप लहान किंवा खूप लांब गेल्यामुळे. 3, 6 आणि 9 पावलांवरून तीन-तीन बॉल, आणि होल नाही तर फक्त अंतर, असा जिना रोज दहा मिनिटं करा. छोट्या पटला मात्र फेस सरळ पाहिजे. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 54, हिशोब केला तर सपाट ग्रीनवर 1 मीटरवरून फेस साधारण 3 अंश चुकला तरी हळू सोडलेला बॉल आत जाऊ शकतो, 3 मीटरवरून फक्त 1 अंश. म्हणून 1 मीटरला घाबरू नका आणि 3 मीटरचा हुकला तर स्वतःला शिव्या देऊ नका. घरी सराव करायला लाद्यांच्या मधली रेघ पुरते, रेघेवर बॉल, समोर आडवा ठेवलेला स्टीलचा पेला, पेल्याचं तोंड होलपेक्षा लहान असतं त्यामुळे कोर्सवर होल मोठं वाटायला लागतं.

सहावी पायरी: शॉटच्या आधीचे वीस सेकंद

नियमांत शॉटला 40 सेकंदांच्या आत खेळावं असं सुचवलंय, मला त्याच्या अर्धे पुरतात. बॉलच्या मागे उभं राहून लांबचं टार्गेट ठरवायचं, मग त्याच रेषेत बॉलच्या पुढे हातभरावर एखादं सुकं पान किंवा जुना डिव्हट शोधायचा, फेस त्याला लावायचा. एक प्रॅक्टिस स्विंग. मग श्वास, आत साधा, बाहेर लांब, आणि बाहेर सोडतानाच खांदे खाली पडू द्यायचे, मूठ 4 वर आहे का बघायचं. एक नजर टार्गेटकडे आणि धा. मध्ये मोर ओरडला, कोणी बोललं, वारा आला, तर थांबा आणि पहिल्यापासून सुरू करा, अर्ध्यातून नाही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर मोर असतातच, आणि जे या कोर्सवर पहिल्यांदा आलेत त्यांचं लक्ष राजवाड्याच्या मनोऱ्याकडे पण जातं, जाऊ द्या, बघून घ्या मनसोक्त, 1890 साली पूर्ण झालेली वास्तू आहे, मग बॉलच्या मागे जाऊन नव्यानं सुरुवात. (कोर्स 1930च्या दशकातला, प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलेला.)

सातवी पायरी: शॉटच्या नंतर

याच्याबद्दल कोणी शिकवत नाही आणि सगळे होल इथेच बिघडतात. माझी पद्धत ग्लोव्हची आहे. शॉट झाला, चांगला वा वाईट, की ग्लोव्हची वेलक्रो उघडायची. दहा पावलं वाईट वाटून घ्यायचं, खरंच वाईट वाटून घ्यायचं, दाबायचं नाही, दाबलेलं मुठीत उतरतं. अकराव्या पावलापासून झाडं, आकाश, जोडीदाराशी घरच्या गप्पा, काहीही, पण तो शॉट नाही. बॉलपाशी पोचून आपली पाळी आली की वेलक्रो बंद, म्हणजे काम सुरू. चार तास सलग एकाग्र राहणं कोणालाच जमत नाही, पण वीस-वीस सेकंद शंभरदा एकाग्र होणं जमतं.

आणि अडचणीतून बाहेर पडायचं गणित आधीच ठरवून ठेवा, झाडात उभं राहून ठरवू नका. मी नियम केलाय: दहापैकी आठ वेळा जमेल असा शॉट असेल तरच मारायचा, नाहीतर आडवा खेळून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर). आडवा शॉट एका स्ट्रोकला पडतो, खोडाला आपटणारा तीन-चारला. 1999 ची स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन, फ्रान्सचा जाँ वान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन स्ट्रोकनी पुढे, 6 मारले असते तरी जिंकला असता, तो एकामागून एक धाडसी शॉट खेळत गेला, बॉल नाल्यात, बूट काढून पाण्यात उतरला, शेवटी 7, आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी तोडायच्या जादा होलमध्ये) पॉल लॉरी जिंकला. तो वाईट खेळाडू नव्हता हो, 71 होल सगळ्यांपेक्षा चांगला खेळला होता. उलट रोरी मॅकिलरॉय 2011 च्या मास्टर्स स्पर्धेला चारच्या आघाडीवरून शेवटच्या दिवशी 80 मारून कोसळला आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ स्ट्रोकनी जिंकला.

नियम माहीत असले की पण घबराट कमी होते. बॉल शोधायला 3 मिनिटं, हरवेल असं वाटलं तर आधीच सांगून प्रोव्हिजनल (पर्यायी बॉल) मारून ठेवा. झुडपात अडकला तर अनप्लेएबल (खेळता येत नाही असं) घ्या, एक स्ट्रोकचा दंड आणि होलच्या जवळ न जाता दोन क्लबलेंथच्या (क्लबच्या लांबीच्या) आत ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून सोडायचा, गुडघ्याच्या उंचीवरून. पावसाळ्यात फेअरवेवर किंवा रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंड नाही, साचलेल्या पाण्यातून पण नाही, बरेच जण हे माहीत नसल्यामुळे चिखलातून मारत बसतात.

आठवी: बडोद्याचं हवामान

मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर जातो आणि उन्हात चिडचिड लवकर होते, ती मनाची कमजोरी नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं. सूर्योदयाला पहिला टी घ्या, दर दोन-तीन होलला तहान नसली तरी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नवव्याला छास, म्हणजे ताक. दोन ग्लोव्ह ठेवा आणि आलटून पालटून घाला, घामानं ग्रिप घसरली की मूठ आपोआप आवळते, मग पहिली पायरी गेली कामातून. उन्हाळ्यात जमीन कडक, बॉल पडल्यावर खूप पळतो, ग्रीनच्या अलीकडेच पाडा. पावसाळ्यात उलट, पडला तिथेच बसतो, एक नंबर लांब जाणारा क्लब घ्या. आणि वीज कडाडली की खेळ तिथेच थांबवायचा, झाडाखाली उभं राहायचं नाही, यात चर्चा नको.

सरावाचं वेळापत्रक

पहिला आठवडा फक्त पकड आणि लादीवरचे पट, घरीच, रोज वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात रांगोळीची रेघ आणि तीनताल, रेंजवर दोनदा, 50 बॉल पुरे, प्रत्येक बॉलच्या आधी वीस सेकंदांचा क्रम पूर्ण करायचा, त्यामुळे 50 बॉलना तास लागतो आणि लागू द्या. तिसऱ्यात अर्धा वेळ रुमालावरचे चिप. चौथ्यात कोर्सवर जा पण स्कोअर लिहू नका, कार्डवर प्रत्येक होलच्या चौकटीत फक्त एवढंच लिहा की किती शॉटना मूठ 4 वर राहिली. माझ्या पहिल्या अशा कार्डवर एका होलला 5 पैकी 1 होता, आता बऱ्याचदा 4 असतो, आणि स्कोअर मागून आपोआप खाली आला.

राउंड संपला की ग्लोव्ह उलटा करून बघा. तळव्याच्या टाचेपाशी भोक पडत असेल तर क्लब बोटांत नाही तळव्यात बसतोय, अंगठ्यावर झीज असेल तर अंगठा दाबताय. मग तो बॅगेत चोळामोळा न टाकता सावलीत सपाट वाळत घाला, पावसाळ्यात तर नक्कीच, कडक झालेला ग्लोव्ह घातला की दुसऱ्या दिवशी हात पहिल्या टीपासूनच आवळतो.